‘उडून जाते’ म्हणणाऱ्यांना

मद्य घातलेला एखादा पदार्थ पानात पडला आणि जेवणाऱ्याने किंचित संकोच दाखवला, की यजमानाच्या तोंडून एक वाक्य हमखास बाहेर पडते : ‘‘अहो, घ्या! शिजताना ते सगळे उडून जाते.’’ हे वाक्य आता आपल्या मंडळांच्या स्नेहभोजनांतही चांगले रुळले आहे. नाताळच्या सुमारास घरोघरी होणारा सुक्या फळांचा केक असो, लग्नाच्या स्वागतसमारंभातील थरांचे पुडिंग असो, अथवा परदेशी राहून आलेल्या लेकीसुनांनी हौसेने केलेला वाइनमधला रस्सा असो, शंका विचारणाऱ्याला उत्तर हेच मिळते. या लेखाचा रोख या एका वाक्यावर आहे. ते शास्त्रदृष्ट्या खोटे आहे, आतिथ्याच्या दृष्टीने अनुचित आहे आणि पाककलेच्या दृष्टीने आळशी आहे, असे माझे म्हणणे आहे.

हे मद्यपानाविरुद्धचे प्रवचन नव्हे, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. जो उघडपणे, समजून-उमजून पेला हाती घेतो त्याच्याशी या लेखाचे काही भांडण नाही. गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक उपदर्शनाचे संरक्षण मिळाले, त्याचा आनंद न पिणाऱ्या गोवेकरालाही झाला आणि तो व्हावा असाच होता. माझे भांडण आहे ते अन्नाच्या आडून, न सांगता, दुसऱ्याच्या पोटात जाणाऱ्या मद्याशी. आणि थोडे भांडण दुसऱ्या पक्षाशीही आहे. पाककृतीतील ‘रम’ या शब्दावर काट मारून तेथे ‘तेवढाच संत्र्याचा रस’ असे लिहिणारा आणि एवढ्यावर काम भागले असे मानणारा हा पक्ष. पहिला पक्ष अतिथीला फसवतो, दुसरा पदार्थाला. दोघांनीही मुळात एक प्रश्न विचारलेला नसतो : त्या पातेल्यात मद्य नेमके कोणते काम करत होते?

प्रथम शास्त्राकडे पाहू. मद्यार्क सुमारे ७८ अंश सेल्सिअसला उकळतो, पाणी १०० अंशांना. या एका आकड्यावर ‘उडून जाते’चा सारा डोलारा उभा आहे. पाण्याआधी उकळते म्हणजे पाण्याआधी संपते, असा हा हिशेब. परंतु पातेल्यात मद्यार्क आणि पाणी वेगवेगळे नांदत नाहीत. ते एकमेकांत पूर्ण मिसळलेले असतात आणि वाफेच्या रूपाने बाहेर पडतात तेही जोडीनेच. वाफेत मद्यार्काचे प्रमाण रश्शातल्यापेक्षा अधिक असते, म्हणून तो क्रमाने कमी होत जातो हे खरे. पण शेवटचा अंश निघायला फार वेळ लागतो. पातेल्याचे तोंड अरुंद असेल, वर झाकण असेल, ढवळणे कमी असेल, तर हा वेळ आणखी वाढतो.

हे केवळ तर्काने सांगायचे कारण नाही. १९९२ साली अमेरिकेतील संशोधकांनी सहा पाककृती प्रत्यक्ष करून त्यांत उरलेला मद्यार्क मोजला, आणि तेथील आहारशास्त्र संघटनेच्या नियतकालिकात ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या कोष्टकांतही असेच आकडे आढळतात. पदार्थात मद्य मिसळून तो पंधरा मिनिटे शिजवला तर घातलेल्या मद्यार्काचा सुमारे ४० टक्के भाग शिल्लक राहतो. अर्ध्या तासाने ३५ टक्के, तासाने २५ टक्के, दोन तासांनी १० टक्के राहतो. अडीच तास मंद आचेवर शिजवल्यावरही सुमारे ५ टक्के उरतोच. उकळत्या रश्शात मद्य ओतून लगेच पातेले उतरवले, तर ८५ टक्के मद्यार्क आहे तिथेच असतो. मोठ्या हॉटेलांत पाहुण्यांसमोर मद्य ओतून काडी लावतात आणि निळी ज्वाला नाचवतात. तो देखावा पाहून ‘जळून गेले’ असे म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की त्या ज्वालेनंतरही सुमारे ७५ टक्के मद्यार्क शिल्लक असतो. ज्वाला विझते ती मद्य संपले म्हणून नव्हे, तर जळण्याइतकी दाट वाफ उरली नाही म्हणून.

आता घरातलेच एक उदाहरण घेऊ. सहा जणांसाठी केलेल्या थरांच्या पुडिंगात केकच्या कापांवर ६० मिलिलिटर, म्हणजे एक मोठा पेग, रम शिंपडली. आपल्याकडच्या रममध्ये ४२.८ टक्के मद्यार्क असतो, म्हणजे पुडिंगात सुमारे २५ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क गेला. हा पदार्थ चुलीवर चढतच नाही. तो रात्रभर शीतकपाटात ठेवला तरी वरच्याच कोष्टकाप्रमाणे सुमारे ७० टक्के मद्यार्क टिकून राहतो. प्रत्येकाच्या वाटीत त्याचे तीन मिलिलिटर आले, म्हणजे लहान पेगचा जवळजवळ चौथा हिस्सा. धडधाकट प्रौढाला याने नशा येणार नाही हे मान्य. परंतु ‘नशा येत नाही’ आणि ‘उडून जाते’ ही दोन विधाने एक नव्हेत. पहिले खरे आहे म्हणून दुसरेही खरे ठरवणे ही लबाडी आहे. शिवाय त्या सहा वाट्यांपैकी एक वाटी आठ वर्षांच्या नातवापुढे आणि एक गरोदर भाचीपुढे ठेवलेली असू शकते.

आणि एक वाटी अशा माणसापुढेही असू शकते, की ज्याच्याविषयी यजमानाला काहीच ठाऊक नसते. व्यसनातून बाहेर पडणाऱ्या काही रुग्णांना डॉक्टर डायसल्फिराम नावाचे औषध देतात. हे औषध शरीरात असताना मद्यार्क पोटात गेला, तर चेहरा लालबुंद होणे, छातीत धडधड, मळमळ, वांत्या, रक्तदाब घसरणे अशी प्रतिक्रिया उमटते. औषध थांबवल्यानंतर दोन आठवड्यांपर्यंतही ती उमटू शकते. म्हणूनच या रुग्णांना मद्य घातलेले सॉस, मिठाया, खोकल्याची काही औषधे, इतकेच काय व्हिनेगरसुद्धा टाळायला सांगतात. पुण्यात १९८६ साली अनिल आणि डॉ. अनिता अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने मुक्तांगण सुरू केले, तेव्हापासून मराठी समाजाला या प्रश्नाची नीट ओळख झालेली आहे. व्यसनमुक्त माणसाला सर्वांत अवघड जाते ते चारचौघांत ‘मला चालत नाही’ असे म्हणणे, हेही आपण आता जाणतो. असा गृहस्थ लग्नाच्या पंगतीत गप्प बसून पुढे आलेले खातो, कारण ‘का हो?’ या प्रश्नाला त्याला सर्वांदेखत उत्तर द्यायचे नसते. त्याने विचारावे मग आपण सांगू, असे म्हणणारा यजमान सारा भार त्या एकट्याच्या खांद्यावर टाकतो. त्याच्या कित्येक महिन्यांच्या निग्रहाची किंमत आपल्या पुडिंगाच्या सुवासापेक्षा कमी आहे काय?

शिवाय आपली घरे ज्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या वसली आहेत, ती गावे तरी विसरून कसे चालेल? हैदराबादेतील मराठी कुटुंबाच्या शेजारी मुसलमान कुटुंब राहते आणि सणाला एकमेकांकडे ताटे जातात. शेजारी विश्वासाने खातो, कारण त्याच्यासाठी काय वर्ज्य आहे हे आपल्याला ठाऊक आहे, असे तो गृहीत धरतो. इंदूरच्या मराठी घरात जैन स्नेही येतात. बडोद्यात तर प्रश्न केवळ रुचीचा नाही, कायद्याचा आहे. मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा १९६० नंतर गुजरातेत चालू राहिला आणि परवान्याशिवाय मद्य जवळ बाळगणे हाच तेथे गुन्हा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये जी सवलत आली ती गांधीनगरच्या गिफ्ट सिटीपुरती. बडोद्याच्या गृहिणीने केकमध्ये रम घातली नाही तर ती ‘मागासलेली’ ठरत नाही, कायदा पाळणारी ठरते. मुंबई-पुण्याच्या पाककृतींत मात्र ‘पाव वाटी रम’ असे बिनदिक्कत छापले जाते आणि ती न वापरणाऱ्याने काय करावे याची एक ओळही नसते. असलीच तर ‘किंवा संत्र्याचा रस’ एवढेच.

येथे दुसऱ्या पक्षाकडे वळतो. ‘किंवा संत्र्याचा रस’ हे उत्तर सर्व पदार्थांना लावणे म्हणजे सर्व रोगांवर एकच काढा देण्यासारखे आहे. स्वयंपाकात मद्य एकच काम करत नाही. कुठे ते पीठ फुगवते, कुठे आंबटपणा देते, कुठे सुगंध खेचून घेते, कुठे फळ टिकवते, कुठे केवळ भिजवते. पर्याय शोधायचा तो त्या कामाला.

फुगवण्यापासून सुरुवात करू. गोव्यातील सान्नां परंपरेने माडाच्या सुरेवर, म्हणजे कोकणात जिला आपण माडी म्हणतो तिच्यावर फुगवतात. येथे सुरेतील मद्यार्काला काही काम नाही. काम करते ते तिच्यातले जिवंत किण्व. म्हणून सूर नसेल तर तेथे रस घालून उपयोग नाही, किण्वच घातले पाहिजे. दोन वाट्या भिजवलेले उकडे तांदूळ आणि एक वाटी ओले खोबरे नारळाच्या पाण्यात वाटावे. कोमट पाण्यात एक चहाचा चमचा सुके यीस्ट आणि एक मोठा चमचा साखर फेसाळू द्यावी, ती त्या पिठात मिसळावी आणि पीठ दुप्पट फुगले की वाफवावे. नारळाच्या पाण्याने सुरेची गोडसर चव बरीचशी परत येते. गोव्याचा पावही एके काळी सुरेवरच फुगत असे. आज बहुतेक भट्ट्यांत यीस्ट आहे, आणि त्या पावाला कुणी नकली म्हणत नाही.

दुसरे काम आंबटपणाचे. रश्शात वाइन घालतात ती मुख्यतः आंबटपणा, किंचित तुरटपणा आणि थोडीशी गोडी यांसाठी. द्राक्षातील प्रमुख आम्ल टार्टरिक होय, संत्र्यातील सायट्रिक. मग द्राक्षमद्याच्या जागी संत्रे कशाला? टार्टरिक आम्लाचा आपल्या घरातला सर्वांत मोठा साठा आहे तो चिंचेत! एक वाटी तांबड्या वाइनच्या जागी पाऊण वाटी भाज्या उकडलेले पाणी, एक मोठा चमचा चिंचेचा पातळ कोळ, तुरटपणासाठी दोन मोठे चमचे कोरा चहा आणि चिमूटभर गूळ घालून पाहावा. तो वाइनचा हुबेहूब स्वाद नव्हे आणि तसा दावाही नाही. परंतु रश्शाला जे हवे होते ते त्याला मिळालेले असते. संत्र्याच्या रसाने तोच रस्सा गोडमिट्ट होतो, आणि मग लोक म्हणतात, ‘‘वाइनवाचून मजा नाही.’’ दोष वाइन वगळण्याचा नसतो, तिचे काम न ओळखण्याचा असतो.

तिसरे काम सुगंध खेचण्याचे. काही सुगंधी द्रव्ये पाण्यात नीट विरघळत नाहीत, मद्यार्कात विरघळतात. वॅनिलाचा खरा अर्क मद्यार्कात काढतात तो म्हणूनच, आणि अमेरिकेतील मानकानुसार त्यात निदान ३५ टक्के मद्यार्क असावा लागतो. परंतु अशी द्रव्ये स्निग्ध पदार्थातही विरघळतात, आणि हे ज्ञान आपल्याला कुणी शिकवायला नको. आपली फोडणी दुसरे काय करते? जिरे, हिंग, कढीपत्ता यांचा वास तेलात उतरवून ते तेल साऱ्या पातेल्यात फिरवणे हीच तिची करामत. केशर आपण कोमट दुधात खलतो, वेलची तुपाच्या संगतीत फुलवतो. वॅनिलाची शेंग उभी चिरून गरम दुधात अर्धा तास ठेवली तर बाटलीतल्या अर्काची आठवणही होत नाही. बाजारातला रमचा इसेन्स घेताना तो कशात विरघळवला आहे हे लेबलावर वाचावे, कारण काही इसेन्सांत तेथेही मद्यार्कच असतो. ‘अल्कोहोलविरहित’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बिअरमध्येही अर्ध्या टक्क्यापर्यंत तो असू शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

चौथे काम टिकवण्याचे, आणि येथे नावापुरता पर्याय केवळ बेचव नव्हे तर घातकही ठरतो. केकची फळे रममध्ये महिना-दीड महिना मुरत ठेवतात. मद्यार्क आणि साखर मिळून त्यांना बुरशीपासून राखतात. ‘रमऐवजी रस’ असे वाचून कुणी भोळेपणाने तीच फळे रसात घालून महिनाभर फडताळात ठेवली, तर बरणीत बुरशीचे पीक येईल. रसाला हे काम जमत नाही. म्हणून पद्धतच बदलली पाहिजे. मनुका, खजूर, अंजीर आणि संत्र्याची पाकवलेली साल मिळून दोन वाट्या घ्यावीत, त्यांवर अर्धी वाटी गरम कोरा चहा व अर्धी वाटी संत्र्याचा रस ओतावा, निवल्यावर रात्रभर शीतकपाटात ठेवून दुसऱ्याच दिवशी केक करावा. रमने येणारा गडद रंग आणि खोल वास जाळलेल्या साखरेच्या पाण्याने बराचसा साधतो. असा केक महिनोन्‌महिने टिकणार नाही. तो आठवड्यात संपवावा, आणि आपल्या घरांत केक आठवडाभर उरतो कुठे?

बाकीची कामे किरकोळ आहेत. बिअर घालून केलेले तळणीचे पीठ कुरकुरीत होते ते प्रामुख्याने तिच्यातल्या वायूमुळे, तेव्हा थंडगार सोडा आणि पाव हिस्सा तांदळाचे पीठ पुरेसे आहे. भज्यांच्या पिठात तांदळाचे पीठ आणि कडकडीत मोहन घालणाऱ्यांना यात नवे काही नाही. थरांच्या पुडिंगात मद्य केवळ केक ओलसर करते. तेथे संत्र्याचा रस वा कडक कॉफी खुशाल घालावी. म्हणजे संत्र्याच्या रसालाही जागा आहे, फक्त त्याच्या जागी.

यावर एक आक्षेप नेहमी येतो : ‘‘पर्याय म्हणजे तडजोड. अस्सल ते अस्सल.’’ हा आक्षेप घेणाऱ्यांनी विंदालूची कुळकथा आठवावी. ज्या पोर्तुगीज पदार्थावरून तो आला त्याच्या नावाचाच अर्थ द्राक्षमद्य आणि लसूण यांत मुरवलेले मांस असा आहे. गोव्यात त्या द्राक्षमद्याची जागा माडाच्या व्हिनेगरने घेतली, मिरची-मसाला आला आणि मूळ पदार्थापेक्षा हा ‘तडजोडीचा’ पदार्थच जगभर गाजला. ज्यांनी हा बदल केला त्यांनी वाइनचे काम ओळखले होते : मांस मुरवणे, आंबट करणे, टिकवणे. ती तिन्ही कामे व्हिनेगरने केली. उलट गोव्याबाहेरच्या कित्येक हॉटेलांत विंदालूत बटाटे पडतात, कारण नावात ‘आलू’ ऐकू येतो! कामाकडे पाहून केलेला पर्याय आणि नावाकडे पाहून केलेला पर्याय, या दोहोंतला फरक यापेक्षा चांगला कुणी दाखवू शकणार नाही. आणि गोव्याचे स्वयंपाकघर म्हणजे मद्याचे स्वयंपाकघर, ही प्रवाशांची समजूतही येथेच खोडून काढायला हवी. नाताळचा मानाचा बेबिंक अंड्याचा बलक, नारळाचे दूध, साखर, मैदा, तूप आणि जायफळ यांवर उभा राहतो. दोदोल, नेवऱ्या, कलकल यांत मद्याचा थेंब नसतो. हुमण, खतखते, तोंडाक यांचे तर नावच घ्यायला नको.

खुद्द आपली मराठी स्वयंपाकाची परंपरा ही पर्यायांचीच परंपरा आहे. एकादशीला तांदूळ वर्ज्य, म्हणून वऱ्याचे तांदूळ आले. डाळ वर्ज्य, म्हणून दाण्याच्या कुटाची आमटी आली. कणीक वर्ज्य, म्हणून राजगिऱ्याचे आणि शिंगाड्याचे पीठ आले. दाण्याचे कूट आमटीला दाटपणा देते आणि शिंगाड्याचे पीठ बांधणी करते, हे ज्यांनी शोधले त्यांना प्रत्येक जिन्नसाचे काम पक्के ठाऊक होते. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या घरांत हिंगाने आपले कर्तब दाखवले. शिंदे, होळकर, गायकवाड यांच्या पाठोपाठ ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथे गेलेल्या घराण्यांना हे सांगण्याची गरज नाही. देश वा कोकण सोडताना आमसुले आणि नारळ सहजी मिळेनासे झाले, तेव्हा त्या घरांतील बायकांनी हाताशी असलेल्या चिंचेत, आमचुरात, खसखशीत आपली चव शोधली. ती चव आज आपण अभिमानाने ‘आमच्या घरची’ म्हणतो. मग रमच्या बाबतीतच अचानक अस्सलपणाचा कैवार कशासाठी? अस्सलपणाची ही तहान साबूदाण्याच्या वेळी कुठे असते? तो ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतून आलेला आहे!

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. तो असा : ‘‘आंबवलेल्या प्रत्येक पदार्थात थोडा मद्यार्क होतोच. पावात होतो, सान्नांत होतो, पिकल्या फळातही असतो. द्राक्षासव आणि दशमूलारिष्ट तर तुमच्या फडताळातच आहे. मग हा सोवळेपणा कशाला?’’ यातले तथ्य मला पूर्ण मान्य आहे. किण्वाने फुगवलेल्या पावात मद्यार्क तयार होतो, भट्टीत बहुतांश जातो आणि अल्पसा अंश राहतो. आसवारिष्टांत तो चांगल्या प्रमाणात असतो. पण यातून निघणारा निष्कर्ष आक्षेपकांना हवा तो नव्हे. आसवाच्या बाटलीवर त्यात स्वयंजनित मद्यार्क आहे असे छापलेले असते आणि ते चमच्याने मोजून घेतात. पावातील अंश सर्वांना सारखाच आणि नगण्य आहे. पुडिंगातील रम मात्र कुणीतरी हेतुपूर्वक ओतलेली असते, तिचे प्रमाण नगण्य नसते आणि तिचा उच्चार केलेला नसतो. मद्यार्काचा परमाणूही पोटात जाऊ नये असा आग्रह मी धरत नाही, तो धरणाऱ्याला पावही सोडावा लागेल. माझा आग्रह मापाचा आणि उच्चाराचा आहे : किती आहे ते ओळखा, आणि आहे ते सांगा. द्राक्षासव घरात ठेवणाऱ्यांनीही व्यसनमुक्तीच्या औषधावर असलेल्या नातलगाला ते ‘अशक्तपणावर चांगले’ म्हणून देऊ नये, हेही याच न्यायाने आले.

सांगण्यात अवघड काय आहे? ‘‘कांदा-लसूण चालतो ना?’’ हे विचारल्याशिवाय आपल्या आजी-आईने कधी पान मांडले नाही. ‘‘आज उपास तर नाही?’’ हा प्रश्न अजूनही फोनवर आधी विचारला जातो. कांद्याविषयी इतकी काळजी घेणारा समाज मद्याविषयी मौन पाळतो आणि कुणी विचारलेच तर ‘उडून जाते’ म्हणून वेळ मारून नेतो, ही गोष्ट आपल्या आतिथ्यधर्माला शोभत नाही. कांद्याचा प्रश्न व्रताचा आहे. मद्याचा प्रश्न कुणाच्या व्रताचा असेल, कुणाच्या गर्भाचा, कुणाच्या औषधाचा, तर कुणाच्या पुन्हा उभ्या राहू पाहणाऱ्या आयुष्याचा.

म्हणून तीन सूचना करतो. पहिली पाककृती लिहिणाऱ्यांना. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० मध्ये वाटी-चमच्याचे माप देऊन मराठी पाककृतीला शिस्त लावली. आता मद्य असलेल्या पाककृतीत ते कशासाठी आहे, शिजल्यावर किती उरते आणि त्या कामाला पर्याय कोणता, या तीन गोष्टी लिहिण्याची शिस्त लावावी. ‘किंवा रस’ एवढे लिहिणे म्हणजे ‘मीठ अंदाजाने’ म्हणण्यापेक्षाही वाईट आहे. दुसरी सूचना आपल्या मंडळांना. स्नेहसंमेलने, विवाह, मुंजी यांचे जेवण ठरवताना आचाऱ्याला स्पष्ट विचारावे आणि ज्या पदार्थात मद्य असेल त्याच्यापुढे तसे मराठीत लिहिलेले कार्ड ठेवावे. चार अक्षरांचे हे कार्ड व्यसनमुक्त माणसाला चारचौघांत तोंड उघडण्याच्या यातनेतून सोडवते. तिसरी सूचना घरच्या हौशी आचाऱ्यांना. मद्य घालायचे तर सांगून घाला, वगळायचे तर त्याचे काम समजून वगळा. यापैकी काहीच जमत नसेल, तर मद्य लागतच नाही असा बेत करा. आपल्याकडे अशा बेतांना तोटा नाही.

‘उडून जाते’ हे वाक्य मात्र आता आपल्या पंगतींतून उठवावे. त्या वाक्याने मद्य उडत नाही, यजमानावरचा विश्वास मात्र उडतो.